झोपेचा साक्षीदार

घोरणाऱ्या माणसाइतका निरागस आरोपी जगात दुसरा सापडायचा नाही. रात्रभर त्याने सारे घर जागे ठेवलेले असते, शेजारच्या बिऱ्हाडातूनही सकाळी हसत हसत चौकशी झालेली असते, आणि हा गृहस्थ चहाचा पेला हातात घेऊन शांतपणे विचारतो, "मी? मी कुठे घोरतो?" बरे, त्याचे म्हणणे खोटे असते असेही नाही. गुन्हा घडला तेव्हा तो जागेवर हजर होता, पण जागा नव्हता.

आपल्याकडे घोरणे हा मुळातच थट्टेचा विषय. कुंभकर्णाला उठवण्यासाठी ढोलनगारे वाजवले, ही कथा ऐकून हसलो नाही असे मूल महाराष्ट्रात नसेल. मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. झोपेच्या बाबतीत आपली भाषा भलतीच श्रीमंत आहे. डुलकी, पेंग, गुंगी, झापड, ग्लानी, साखरझोप, वामकुक्षी. आणि घोरणाऱ्यासाठी तर 'घोरासुर' अशी खास पदवी! परंतु झोपेत माणसाचा श्वास मध्येच थांबतो, या प्रकाराला घरगुती बोलीतला एकही शब्द मला सापडला नाही. डॉक्टर मंडळी त्याला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. यातला 'ॲप्निया' हा शब्द मूळ ग्रीक. त्यातला पहिला 'अ' आपल्या 'अज्ञान', 'अशक्त' यांतल्या 'अ'चाच दूरचा भाऊबंद. उरलेल्या शब्दाचा अर्थ श्वास. म्हणजे झोपेतली 'अश्वास' अवस्था.

शब्द नाही, याचे कारण उघड आहे. ज्याला हा विकार होतो त्याला तो दिसत नाही, आणि ज्यांना दिसू शकतो ती घरची माणसे त्या वेळी झोपलेली असतात. म्हणूनच या रोगाचे निदान करण्याचा सारा इतिहास म्हणजे झोपेला साक्षीदार शोधण्याचा इतिहास आहे. हल्ली तर बोटातली अंगठी आणि मनगटावरचे घड्याळही साक्ष देऊ लागले आहे. ही साक्ष कितपत धरावयाची, एवढाच या लेखाचा विषय.

घशात घडते तरी काय?

नाकाच्या मागून खाली उतरणारी घशाची वाट ही काही लोखंडी नळी नव्हे. ती मऊ असते आणि स्नायूंनी तोलून धरलेली असते. जागेपणी हे स्नायू आपले काम चोख बजावतात. झोप लागली की ते सैलावतात. टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ खाली येते, जिभेचे मूळ मागे सरकते. वाट अरुंद झाली म्हणजे आत जाणारी हवा त्या मऊ भागाला फडफडवते. तेच घोरणे. नुसते घोरणे म्हणजे रोग नव्हे. परंतु काही जणांची वाट पुरतीच मिटते. छाती आणि पोट हवा ओढण्यासाठी झटत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मेंदू दचकतो, माणूस क्षणभर जागा होतो, मोठा हुंकार टाकून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

गमतीची, आणि खरे तर भीतीची गोष्ट अशी की, घोरण्याचा आवाज एकाएकी थांबला की शेजारी झोपलेल्या माणसाला वाटते, "चला, सुटलो!" वास्तविक कान टवकारण्याची वेळ तीच असते.

श्वास निदान दहा सेकंद थांबला तर डॉक्टर तो मोजणीत धरतात. श्वास पूर्ण न थांबता फार उथळ झाला आणि त्यामुळे प्राणवायू उतरला किंवा झोप मोडली, तर तोही धरतात. असे प्रसंग तासाला पाचपेक्षा कमी असले तर मोठ्या माणसाच्या बाबतीत ते स्वाभाविक समजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३०च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे सात तासांच्या झोपेत २१० वेळा! इतक्या वेळा दचकलेल्या माणसाला सकाळी त्यातले एकही दचकणे आठवत नाही. त्याला एवढेच कळते की डोके जड आहे, तोंड कोरडे पडले आहे आणि कचेरीत अकरा वाजताच पेंग येते आहे.

नुसती पेंग असती तर फारसे बिघडले नसते. पण अशी माणसे मोटार चालवताना डुलकी घेतात. पुष्कळांचा रक्तदाब औषधांना दाद देत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि पक्षाघात यांच्याशीही या विकाराचे नाते आढळले आहे. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निवर्तले, तेव्हा रुग्णालयाने सांगितलेल्या कारणांत या विकाराचे नाव होते. अनेक घरांनी ते नाव तेव्हाच प्रथम ऐकले असेल. आणि विकार दुर्मिळ म्हणावा तर तसेही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९३ कोटी ६० लाख माणसांना तो कमीअधिक प्रमाणात असावा.

हातात तीन एक्के, आणि झोप!

दिवाळीत पत्ते कुटणाऱ्या मंडळींना ही हकीकत खास आवडेल. अमेरिकेतला एक लठ्ठ व्यावसायिक गृहस्थ पोकर खेळत बसला होता. हातात तीन एक्के आणि दोन राजे, म्हणजे डाव जवळजवळ जिंकलेलाच. पण नेमकी त्याच वेळी त्याला झोप लागली आणि हातचा डाव गेला! पुढे तो रुग्णालयात दाखल झाला, आणि १९५६ साली बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर एक निबंध लिहिला. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्याही झोपतो. त्याची आठवण ठेवून डॉक्टरांनी या दुखण्याला 'पिकविकियन' असे नाव दिले. दवाखान्यातल्या रोगाला कादंबरीतल्या पात्रावरून नाव मिळावे, हा साहित्याच्या माणसांना सुखावणारा योग खरा.

परंतु या डॉक्टरांचे सारे लक्ष रक्तात साठणाऱ्या वायूंकडे होते. रात्री हा माणूस झोपतो तेव्हा त्याच्या श्वासाचे काय होते, हे शोधायचे राहूनच गेले. ते काम १९६५ साली फ्रान्समध्ये मार्सेय येथे गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत युंग आणि कुह्लो यांनी केले. त्यांनी अशा रोग्यांच्या मेंदूच्या लहरी आणि श्वास यांची झोपेत एकत्र नोंद घेतली, आणि श्वास वारंवार थांबतो आहे हे कागदावर उमटले. झोपेला पहिला भरवशाचा साक्षीदार मिळाला तो असा.

तारांच्या जाळ्यातली रात्र

या नोंदीचेच पुढे पूर्ण शास्त्र झाले. १९७४ साली त्याला 'पॉलिसोम्नोग्राफी' असे लांबलचक नाव मिळाले. आपण त्याला 'झोपेची तपासणी' म्हणू. रोग्याने संध्याकाळी रुग्णालयात जावयाचे. तिथे डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला आणि पायांना तारा चिकटवतात. नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, छातीवर हृदयाच्या आलेखाच्या तारा, वरून कॅमेरा. एवढा साज अंगावर चढल्यावर तंत्रज्ञ अदबीने सांगतो, "आता निवांत झोपा!"

यातली प्रत्येक तार कामाची असते. मेंदूच्या लहरींवरून माणूस खरोखर झोपला आहे की नुसता डोळे मिटून पडला आहे हे कळते. पट्ट्यांवरून आणखी महत्त्वाची गोष्ट कळते. श्वास थांबला असताना छाती-पोट झटत असतील तर वाट बंद आहे; तेही निश्चल असतील तर मेंदूकडूनच हुकूम सुटलेला नाही. या दोन निराळ्या व्याधी आहेत आणि त्यांचे उपायही निराळे.

बोटाचा चिमटा कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, घरोघर पोचला. त्याची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४च्या सुमाराची. प्राणवायू घेतलेले रक्त आणि न घेतलेले रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर होणारा तो फरक हा चिमटा वाचतो. मात्र घरातला तोच चिमटा संध्याकाळी मिनिटभर लावून "९८ आहे, सारे ठीक आहे" असे म्हणण्यात अर्थ नाही. जागेपणी आकडा ठीकच असतो. प्रश्न पहाटे तीनचा आहे.

पूर्वी ही सारी नोंद धावत्या कागदावर होई. कागद सेकंदाला दहा मिलिमीटर सरके. म्हणजे आठ तासांच्या झोपेला २८८ मीटर कागद! आता तो कागद गेला, नोंद संगणकात जाते. पण तपासणीचा व्याप फारसा कमी झालेला नाही. खर्च मोठा, अशी सोय असलेली रुग्णालये बहुतेक शहरांतच, आणि परक्या खाटेवर पुष्कळांना धड झोप लागत नाही ती वेगळीच.

प्रश्नपत्रिका आणि घरी येणारी पेटी

म्हणून आधी प्रश्न विचारून चाळणी लावण्याची पद्धत निघाली. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी आठ प्रश्नांची एक पत्रिका तयार केली. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. वाचताना, दूरदर्शन पाहताना, जेवणानंतर स्वस्थ बसल्यावर डुलकी लागण्याचा कितपत संभव आहे, असे ते प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाच्या वर गेल्यास चौकशी करावी. जास्त गुण मिळाल्यावर काळजी वाटावी अशी परीक्षा मी तरी दुसरी पाहिली नाही! आपल्याकडे मात्र तिच्यात एक पंचाईत आहे. दुपारी आडवे झाल्यावर झोप लागते का, असाही त्यात एक प्रश्न आहे. जिथे वामकुक्षी हा धर्म आहे त्या पुण्यात याला नकार कोण देणार?

दुसरी पत्रिका टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, २००८ सालची. मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, रक्तदाब, लठ्ठपणा, पन्नाशीपुढचे वय, चाळीस सेंटिमीटरपेक्षा जाड मान आणि पुरुष असणे, असे आठ मुद्दे. शर्टाच्या कॉलरचा आकडा सोळा असेल तर मानेचा मुद्दा लागू झाला असे समजावे. तीन-चार मुद्दे जुळले तर संशय, पाच वा अधिक जुळले तर दाट संशय.

संशय आला की आता प्रत्येकाला रुग्णालयात निजावे लागत नाही. एक लहानशी पेटी घरी येते. नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. रात्रभर आपल्याच गादीवर झोपावयाचे आणि सकाळी पेटी परत करावयाची. मुंबईने या मार्गाने फार लवकर पाऊल टाकले आहे. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या पुरुषांपैकी २५० जणांची घरीच अशी तपासणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे सुमारे १९.५ टक्क्यांच्या झोपेत श्वास बिघडत होता, आणि दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांना होता. हे काही कोणी मुलखावेगळे रोगी नव्हेत. लोकलने कचेरीला जाणारी आपल्यातलीच माणसे.

आणखी एक नामी युक्ती म्हणजे बोटावरची टोपी. श्वास अडून मेंदू दचकला की बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नाडी वेगावते. ही टोपी तो आकस टिपते आणि त्यावरून श्वासाचा अंदाज बांधते. हृदयाचे ठोके कायम अनियमित असणाऱ्यांना मात्र हे साधन नेहमीच लागू पडत नाही.

घरच्या पेटीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. तिला बहुधा मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. तुम्ही दोन तास छताकडे पाहत पडलात तरी ती ते दोन तास हिशेबात धरते, आणि तासाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून लक्षणे ठळक असताना पेटीने "काही नाही" म्हटले, तर तज्ज्ञ पुन्हा रुग्णालयातली पूर्ण तपासणी सांगतात. हृदय दुर्बळ झालेल्या, फुप्फुसाचा मोठा आजार असलेल्या रोग्यांना तर पहिल्यापासून तीच सांगतात.

मनगटावरचा पहारेकरी

आता घड्याळाकडे वळू. २०२४ साली, फेब्रुवारीत सॅमसंगच्या आणि सप्टेंबरात ॲपलच्या घड्याळातील या सोयीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. एक घड्याळ मनगटावरून रक्तातला प्राणवायू पाहते. दहा दिवसांत दोन रात्री चार-चार तासांहून अधिक नोंद मिळाली की आपले मत देते. दुसरे श्वासाबरोबर मनगटाची होणारी अतिसूक्ष्म हालचाल टिपते आणि महिनाभराच्या नोंदीवरून इशारा देते. एका रात्रीपेक्षा अनेक रात्री पाहणे ही या घड्याळांची मोठी जमेची बाजू. कारण हा विकार रोज सारखा नसतो. उताणे झोपल्यास किंवा रात्री मद्य घेतल्यास तो बळावतो.

पण हिशेब नीट समजून घ्यावा. ॲपलने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मध्यम वा तीव्र विकार असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ६६ जणांनाच घड्याळाने हटकले. बाकीचे ३४ निसटले. उलट ज्यांना तेवढा विकार नव्हता, त्यांच्यापैकी शंभरात एखाद-दुसऱ्यालाच उगीच घाबरवले. याचा व्यवहारी अर्थ असा: घड्याळाने हाक मारली तर ती गंभीरपणे घ्यावी. घड्याळ गप्प राहिले तर मात्र निश्चिंत होऊ नये. आणि ही सोय मुलांसाठी नाही. मुलांचे निकषच निराळे. तासाला एखादा प्रसंगही त्यांच्या बाबतीत लक्ष देण्याजोगा समजतात, आणि त्यांच्यात वाढलेले टॉन्सिल हे नेहमीचे कारण असते. तोंड उघडे टाकून घोरणारे, दिवसा चिडचिड करणारे मूल घड्याळाकडे न देता डॉक्टरांकडे न्यावे.

तिच्याकडे कोण पाहणार?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती सांगते. आमच्या शेजारच्या काकू पंचावन्नच्या. चार वर्षे त्या थकल्या होत्या. सकाळी डोके दुखे, रात्री दोन-तीनदा जाग येई. रक्त तपासून झाले, थायरॉइड झाले, टॉनिके झाली. "वय झालं आता, आणि काय!" हे तर सर्वांनीच सांगितले. सुटीत मुलगी माहेरी आली आणि आईच्या खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, आई झोपेत श्वास घ्यायची थांबते. तुम्ही कधी ऐकलं नाहीत?" काका म्हणाले, "छे! बायका कुठे घोरतात?" काका माणूस प्रेमळ; पण पाठ टेकताच त्यांना गाढ झोप लागते. घरी पेटी आणून तपासणी झाली. तासाचा आकडा ३४ निघाला.

नवरा घोरतो हे सांगायला बायको जागी असते. बायकोचे सांगायला कोण असते? अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये ३० ते ६० वयाच्या नोकरदार माणसांची पाहणी झाली. ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास बिघडण्याचे प्रमाण पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत ९ टक्के आढळले, म्हणजे अडीच-तीन पुरुषांमागे एक स्त्री. त्या काळी दवाखान्यांत मात्र एका स्त्रीमागे आठ किंवा त्याहूनही अधिक पुरुष येत. बाकीच्या बायका घरीच थकत होत्या. स्त्रियांची तक्रारही बहुधा "मी घोरते" अशी नसते. झोप लागत नाही, डोके दुखते, उत्साह वाटत नाही, अशी असते, आणि तिला काळजी, स्वभाव, वय अशी नावे मिळतात. वर सांगितलेल्या पत्रिकेत पुरुष असल्याचा एक गुण आहे. म्हणजे स्त्री तिथेही एका गुणाने मागे. मुंबईच्या त्या मोलाच्या अभ्यासातही सारे पुरुषच होते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये हा विकार वाढतो हे आता ठाऊक झाले आहे. म्हणून ज्या साधनाला घोरणे ऐकणारा जोडीदार लागत नाही, ते साधन स्त्रियांच्या अधिक उपयोगाचे. घरात एक पेटी भाड्याने आणायची असेल तर ती कोणाकोणाला लागेल, हे विचारताना घरच्या बाईला वगळू नये.

मग करावे काय?

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. घरातील माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, मोबाइलवर त्याच्या झोपेचे दोन-चार मिनिटांचे चित्रण करावे. आवाज थांबतो आणि मग धापेसारखा श्वास येतो तो भाग विशेषतः. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. छातीविकारांचे किंवा कान-नाक-घशाचे तज्ज्ञ पुढची तपासणी ठरवतील. त्यांना रक्तदाब, चालू औषधे आणि दिवसाची पेंग यांची खरी माहिती द्यावी. 'झोप नीट लागत नाही' म्हणून आपल्याच मनाने झोपेची गोळी सुरू करू नये. मूळ कारण कळेपर्यंत तर नकोच.

निदान झाले तर भिण्याचे कारण नाही. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा मंद दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवण्याची रीत शोधली आणि १९८१ साली प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यासाठी त्यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर कामी आणली होती. आजची यंत्रे उशाशी मावणारी आणि जवळजवळ मुकी असतात. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, दातांत बसवायची पट्टी, काहींना शस्त्रक्रिया, असे इतर मार्गही आहेत. कोणाला कोणता, ते तपासणीच्या आकड्यावरून ठरते. शेजारच्या काकूंना नाकावरच्या त्या मुखवट्याची सवय व्हायला तीन आठवडे लागले. आता त्या सकाळी फिरायला जातात, आणि काकांना उठवून बरोबर नेतात.

दिवाळीच्या दिवसांत घरोघर पाहुणे येतात. दिवाणखान्यात ओळीने गाद्या पडतात, आणि एरवी बंद दाराआड झोपणारी माणसे एकाच छताखाली, एकमेकांच्या शेजारी झोपतात. अभ्यंगस्नानासाठी पहाटे लवकर उठणाऱ्याने दिवा लावण्यापूर्वी दोन मिनिटे कानोसा घ्यावा. कोणाचा आवाज मध्येच थांबतो आहे का, ऐकावे. आणि फराळाच्या वेळी त्याची थट्टा न करता, त्याला किंवा तिला बाजूला घेऊन सांगावे.